सिलोनचा वड आणि माझे उलटे फेरे

मध्य प्रदेश नवानवा होता आणि आमचं लग्नही फारसं जुनं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बायकोचा भाऊ सिलोनला नोकरीला होता. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघं निघालो, आणि इंदुरात पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात मी महिनाभर आधीपासूनच परदेशी जाणाऱ्या माणसासारखा चालू लागलो.

तारखा मी ठरवल्या. त्यामुळे वटपौर्णिमा नेमकी परदेशात आली. शेजारच्या माळवी काकीजी हिला म्हणाल्या, "बहूजी, हमारी तो अमावस की है. साथ में कर लो, छुट्टी!" मला पटलं. हिला नाही.

"अमावास्या त्यांची, पौर्णिमा आपली. आणि यंदा तर चुकवायचीच नाही."

आदल्या वर्षी मुदतीच्या तापातून मी कसाबसा उठलो होतो. त्या दिवसांत तिने देवाला काय कबूल केलं, ते मला कधी सांगितलं नाही. पण जुन्या इंदुरातून आणलेलं सुताचं गुंडाळं सामानात माझ्या सुटाच्या आधी गेलं.

पौर्णिमेला सकाळी मेव्हणा कचेरीत गेला आणि आम्ही तिथल्या प्रसिद्ध वनस्पतिबागेत. हिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि पूजा बाराच्या आत व्हायला हवी. वड शोधायचं काम माझ्याकडे, म्हणजे माझ्या दीर्घायुष्याची सोय मीच बघत होतो. पाण्यावर तरंगणारी परातीएवढी पानं, खोडालाच लगडलेली तोफगोळ्यांसारखी फळं, हे सगळं मागे टाकत मी एका अवाढव्य झाडापुढे थांबलो.

"हा घे वड! आपल्या इंदूरच्या अख्ख्या तुकोगंजला सावली देईल."

तिने खाली पडलेलं पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "ह्याची पत्रावळ लागेल?"

"आत्ता पत्रावळ कशाला?"

"वडाचं पान असतं तर लागली असती. लहानपणी ढिगाने लावल्यात मी. हे तर बोटाएवढं आहे."

मी झाडावरची पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. जावा बेटाकडचं कुठलंसं झाड निघालं. मॅट्रिकला शास्त्रात पहिला आलेला मी चष्मा खिशात ठेवून तिच्या मागून चालू लागलो.

खरा वड तिनेच शोधला, साडेअकराच्या सुमारास, नदीच्या बाजूला. तरुण झाड होतं, खोड बेताचं. हळदकुंकू वाहून तिने सुताचं टोक खोडाला लावलं, तोच बागेतला म्हातारा माळी धावत आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, दोरा बांधायचा नाही, सालीत रुततो. मी बाह्या सरसावल्या. "मिस्टर, धिस इज अवर रिलिजन..."

"काय म्हणतायत ते?" हिने विचारलं. मी सांगितलं.

"मग खामखा भांडताय काय? बरोबर बोलतायत ते. आपल्याकडचे वड कसे काचलेत, बघितलं नाहीत? ज्याच्यापाशी आयुष्य मागायचं, त्याचाच गळा आवळायचा? विचारा त्यांना, गुंडाळून लगेच काढून घेतलं तर चालेल का."

माळ्याने विचार केला आणि मान डोलावली.

ती सात फेरे फिरली, सूत सैल सोडत. मग गुंडाळं माझ्या हातात दिलं. आता सोडवायचं काम माझं, उलट्या बाजूने. गळ्यात टाय, कपाळावर घाम, बघायला पाच-सहा माणसं जमलेली. तिसऱ्या फेऱ्याला मला शंका आली. "अगं, उलटं सोडवलं की व्रतही सुटतं का?"

"नाही सुटत. आजवर मी एकटीच फिरत होते. यंदा दोघांनी केलं म्हणायचं. चला, पाय उचला."

सातव्या फेऱ्याला खोड मोकळं झालं. माळ्याने सालीवरून हात फिरवून पाहिला आणि हात जोडले. मला नव्हे, तिला. बाराला दोनच मिनिटं होती. ती नळापाशी बसून ओंजळीने पाणी प्याली. आणि मी गुंडाळं हातात धरून उगाच तिथे रेंगाळलो, ह्या बाई कोण म्हणून कुणीतरी मला विचारावं म्हणून.