खटकेरावांची पाणबुडी

आमच्या ह्यांना सगळे खटकेराव म्हणतात. पाळण्यातलं नाव बँकेत गेल्यावरच आठवतं. सगळा जन्म लिफ्ट दुरुस्तीत गेला. ह्यांच्या हातच्या लिफ्टमध्ये कधी कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही, कारण जिथंतिथं खटका. दार नीट लागलं नाही, खटका पडला, लिफ्ट जागच्या जागी बंद. दोर ढिला झाला, बंद. "बंद पडली की माणूस वाचला," हे ह्यांचं बोलणं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय.

कामापुरतं असतं तर मी देवाला हात जोडले असते. पण घरातही तेच. माझ्या मिक्सरला असा खटका बसवलाय की स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली तर तो फिरतच नाही. का, तर वाऱ्याने पडदा उडून भांड्यात जाईल. पडदा मी कधीच काढून टाकला. खटका आहे.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? पाणबुडी!

आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग एका मोडीत निघालेल्या लॉन्ड्रीतली लोखंडी टाकी अंगणात आली, एक माणूस पाय दुमडून बसेल एवढी. मागोमाग कारखान्यातल्या बॅटरीवरच्या गाडीची मोटर आली, ती थेट जेवणाच्या टेबलावर.

"अहो, जेवायचं कुठं?"

"मांडीवर घे ना ताट. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

ते दोन दिवस वर्षभर चालले. बॅटरीचं ॲसिड उडून माझ्या चादरींची चाळण झाली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर वायरी, लाल एकीकडे, काळ्या एकीकडे, आणि ओले कपडे खुर्च्यांवर.

मोटरची जोडणी मला इतक्यांदा ऐकवली की आता मीच करीन. मोटरला करंट भरपूर लागतो, तो हाताच्या बटणाला सोसत नाही. म्हणून मधे कॉन्टॅक्टर: बटण दाबलं की आतला लोहचुंबक मोठा खटका ओढतो, 'खट्' होतं आणि मोटर मागचा पंखा फिरवते. पुढे जायला एक, मागे जायला एक, दोघांचे दिवे वेगळे, आणि दोन्ही एकदम ओढले जाऊ नयेत अशी अडवणूक. इथवर ठीक. पण त्याच्यामागे ह्यांनी लिफ्टसारखीच खटक्यांची साखळी लावली. वरचं झाकण उघडलं, बॅटरीच्या पेटीचं झाकण हललं, तळाशी पाणी साचलं, मोटर तापली, यातलं एक जरी झालं तरी सगळं बंद.

"आणि पाण्याखाली बंद पडलं तर वर कोण आणणार?"

"अगं, बंद पडलं की माणूस वाचला."

मी एवढाच हट्ट धरला की टाकीच्या नाकाला दोर बांधा. "पंख्यात अडकेल," म्हणाले. "अडकू दे. दोर नसेल तर मी टाकीत बसून राहीन, मग जा कुठं जायचं ते."

दोर बांधला.

एका बंद खाणीत पाणी साचलेलं आहे. माझे धाकटे दीर ट्रक चालवतात, त्यांनी टाकी तिथं नेली. हे आत शिरले, झाकण लावलं. टाकीच्या बाजूला जोडलेल्या हौदात पाणी घेतलं की पाणबुडी बुडते, पंपाने ते बाहेर फेकलं की वर येते. बुडाली. पंख्याने पाणी ढवळून निघत होतं, भावजी कौतुकाने बघत होते. मग पाणी शांत झालं. शांतच राहिलं.

मग खालून ठोकल्याचा आवाज आला, लोखंडावर पाना आपटल्यासारखा. भावजी काठावरून ओरडले, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना ओरडून सांगतात ना, तस्संच: "दादा, घाबरू नकोस! शांत बस! माणूस येतोय!"

"कुठला माणूस येतोय, भावजी? तुम्हीच माणूस! ओढा!"

खाणीचा राखणदार धावत आला. तिघांनी दोर ओढला. मी जप करत होते की शिव्या देत होते, ते देवालाच ठाऊक. हात सोलवटले, पण पाण्यात वजन फारसं नसतं म्हणून तळावरून खरडत टाकी उथळ पाण्यात आली. झाकण उघडलं. हे घामाने निथळत होते, चेहरा पांढराफटक.

"बॅटरीच्या पेटीचा खटका हादऱ्याने सुटला," म्हणाले. "पेटी पाठीमागे. हात पोचेना."

"मोटर बंद पडली ते कळलं. पंप का नाही चालला?"

"तो साखळीतच आहे ना."

"त्याला साखळीत कुणी घातलं?"

"सगळंच साखळीत घालायचं असतं."

"लिफ्टमध्ये! लिफ्ट अडकली तर माणूस आत बसून श्वास तरी घेतो. तुम्ही किती वेळ घेणार होता?"

घरी आल्यावर हे नुसते टाकीत डोकं घालून बसून राहिले. पंप साखळीबाहेर काढणं म्हणजे ह्यांच्या लेखी पाप होतं. सगळी नोकरी त्या एका गोष्टीवर निभावली होती, आणि तीच ह्यांना बुडवायला निघाली होती. मला दया आली, पण ती दाखवली नाही. दया दाखवली असती तर ह्यांचा हात थांबला असता.

शेवटी पंपाची वायर सरळ बॅटरीला जोडली. मधे एक साधा, हाताने ओढायचा दांडा. माझी अट अशी की परत खाली जायचं तर तिथं मुद्दाम साखळी तोडायची आणि मोटर बंद असताना वर येऊन दाखवायचं. नाहीतर टाकी मोडीत.

परत खाण. या वेळी दोर मी धरला. पाणी ढवळलं, मग शांत झालं. साखळी तोडली असणार. मी डोळे मिटायचं ठरवलं होतं, मिटले नाहीत. मग बुडबुडे आले, हळूहळू टाकीची पाठ दिसली, झाकण उघडलं.

"मागे जायचा दिवा लागत नाहीये," खटकेराव म्हणाले.

"अहो, आधी बाहेर या!"

"थांब गं, एकदा बघून येतो."

मी पुढचं बोलायच्या आत झाकण लागलंसुद्धा. दोर माझ्या हातातून सरकायला लागला.

"वहिनी," भावजी म्हणाले, "जरा ढील द्या."

दिली.