खांद्यावरची चावी

समस्त नातेवाईक, शेजारीपाजारी, गारखेड्यातच टिकून राहिलेले बहाद्दर आणि गारखेडा सोडून पुणे, दुबई, टोरंटोला पांगलेले फरारी, या सर्वांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, गेली पंचवीसेक वर्षं तुम्ही पडद्यावर ज्यांना चालताना पाहिलंत, ते चालत नव्हते. मी चालत होतो. नायक मी, खलनायक मी, नायिकेची खाष्ट आत्या मी, दोन राजे, असंख्य हवालदार आणि एक रेडा, तोही मीच. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी आणि लग्नकार्यात भेटल्यावर ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न विचारणं कायमचं बंद करावं.

मी घर सोडलं तो पाण्याचा दिवस होता. तारीख विसरलो, पण पाण्याचा दिवस विसरणं आपल्या गावात कुणाला जमत नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ते पाहुण्यासारखं, दिवस ठरवून येतं, आणि पाहुणा आला की दार उघडायला कुणीतरी लागतं. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा व्हॉल्व्हमन होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या खड्ड्यात छातीएवढी उंच लोखंडी चावी सोडायची आणि गरगर फिरवायची, की एका गल्लीचं पाणी सुरू. मग झाकण लावायचं, चावी खांद्यावर घ्यायची आणि पुढची गल्ली. बायका त्यांची वाट अशी बघायच्या, की एखाद्या नायकाची कुणी बघितली नसेल.

त्या सकाळी अण्णा मला बसस्टँडवर सोडायला निघाले. एका हातात माझी पिशवी आणि खांद्यावर चावी. कोपऱ्यावर आलो तर म्हणाले, “थांब, येवढा व्हॉल्व सोडतो. लोकं खोळंबलेत.” मी मुंबईला निघालेलो, बस सुटायला आलेली, आणि वडील खड्ड्यात वाकलेले. चावी फिरली आणि अख्ख्या गल्लीतले नळ खोकायला लागले. आधी नुसती हवा, मग फुसफुस, मग एक उचकी, मग बादलीच्या तळाशी पाण्याचा पहिला ठणका. मुंबईला जाताना लोक घरून काय काय नेतात. मी तो ठणका घेऊन निघालो.

पुढं दोन गल्ल्या अजून बाकी होत्या, म्हणून अण्णांनी मला तिथूनच रिक्षात बसवलं. म्हणाले, “जा. पोचला की कळव. अन् तिकडं पाणी कसं हाय ते सांग.” रिक्षावाल्यानं किक मारली, ती पहिल्यांदा लागली नाही, आणि त्या अवधीत मला पाठमोऱ्या अण्णांची पावलं ऐकू आली. लांब लांब जाणारी. मग किक लागली.

आता मी नक्की काय करतो ते सांगतो, म्हणजे माझ्या मेव्हण्यांचाही गैरसमज जाईल. शूटिंगच्या वेळी माइकचं सगळं लक्ष नटांच्या बोलण्यावर असतं. त्यांची पावलं, कपड्यांची सळसळ, ठेवलेला पेला, ओढलेली खुर्ची हे सगळं पुष्कळदा नीट येत नाही. मग आम्ही एका बंद खोलीत पडदा लावतो आणि चित्र बघत बघत तो प्रत्येक आवाज पुन्हा करतो. याला फोली म्हणतात. माझ्या खोलीत जमिनीवर चौकोन आहेत, एकात रेती, एकात लाकूड, एकात संगमरवर, एकात माती. बर्फ हवा असेल तर मक्याच्या पिठाची पिशवी दाबतो. पक्षी उडवायचा असेल तर जुनी छत्री फडफडवतो. तलवारी म्हणून आईची दोन उलथणी आहेत, त्यांनी तीन लढाया जिंकल्यात. हाड मोडायला करमाडच्या शेतातलं ज्वारीचं वाळलं धाट लागतं. मुंबईत त्याला तोड नाही, म्हणून मामा दरवर्षी एक पेंढी पाठवतो आणि विचारतो, “तिकडं म्हैस पाळली का रे?” आणि पडद्यावरचं ते गाजलेलं चुंबन, ज्यावर आपल्या थेटरात शिट्ट्या पडल्या, ते मी माझ्याच मनगटाचं घेतलं होतं. क्षमस्व.

गावाकडचं घर दुरुस्त केलं तेव्हा उंबऱ्यामागची शहाबादी फरशी निघाली. ती मी गोणपाटात गुंडाळून बसनं मुंबईला आणली. कंडक्टर म्हणाला, “समाधी बांधता का काय कुणाची?” मी म्हटलं, “नाही, यावर चालायचंय.” त्यानं तिकीट फाडून दिलं. मात्र नाशिक येईपर्यंत माझ्याकडं वळून वळून बघत होता.

ही विद्या मला कुठल्या संस्थेनं शिकवली नाही. आईनं शिकवली. तिला हे आजही मान्य नाही. तिचा कान असा, की अण्णांची पावलं किराणा दुकानाच्या वळणावर आली की ती चहा ठेवायची, आणि पावलांवरून ठरवायची की आज माणूस रागात आहे, तेव्हा साखर जास्त. आम्हाला कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मी विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाली, “चपलीला बोलता येतं. तुला ऐकता येत नाय.”

त्यावरून आमचा एक खेळ सुरू झाला. ती स्वयंपाकघरात पाठ करून बसायची. मी कुणाच्या तरी चपला घालून दारातून आत यायचो आणि तिनं ओळखायचं. मी पोस्टमन व्हायचो, ती फसायची. वरच्या मजल्यावरच्या काकू व्हायचो, तर ही पदर सावरून “या की” म्हणायची. मुख्याध्यापक झालो तेव्हा तर उठून उभी राहिली. अख्खी गल्ली मी तिच्या कानात आणून सोडली. फक्त अण्णा जमले नाहीत. त्यांच्याच चपला, तेच दार, तीच फरशी, आणि ती न वळता म्हणायची, “तू हाय. अण्णा नाय.”

पाण्याच्या दिवशी मात्र खेळ बंद. त्या दिवशी ती हंडे, टाकी, पातेली, अगदी पेलेसुद्धा भरून घ्यायची आणि उरलेल्या ताज्या पाण्यानं घर लख्ख पुसायची. आणि बरोबर त्याच वेळी, गावभर चिखल तुडवून, अण्णा चपलांसकट सरळ आत. मग आईचा जो आवाज उठायचा तो चार घरं पलीकडं ऐकू जायचा. अण्णा आणखी दोन पावलं टाकायचे, मुद्दाम. त्यांच्या संसारात प्रेमाची म्हणून जी काही भाषा होती, ती एवढीच.

मुंबईत माझ्या नळाला पाणी रोज येतं. पहिली काही वर्षं मी फोनवर अण्णांना ते खालच्या आवाजात सांगायचो, जणू काही चोरी करत होतो. ते विचारायचे, “काम काय करतो?” मी म्हणायचो, “चालतो.” ते म्हणायचे, “आमी जन्मभर चाललो. आमाला नाय कुणी टाळी वाजवली.” आणि हसायचे. मी त्यांना एकदा थेटरात नेईन म्हणत राहिलो. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हाही मी एका राजाचं चालणं पूर्ण करत होतो.

रीतीप्रमाणं त्यांच्या चपला दहाव्यालाच घराबाहेर गेल्या. आई त्यानंतर गप्प झाली. रडली वगैरे फार नाही. फक्त ओरडायची थांबली. पाण्याच्या दिवशी फरशी पुसून दारात बसायची आणि फरशी वाळेपर्यंत तिच्याकडं बघत राहायची. भाऊ, वहिनी, नातवंडं सगळी चपला घालून आत यायची. ती कुणाला काही म्हणायची नाही.

आणि गेल्या वर्षी माझ्याकडं एक सिनेमा आला. त्यात एक म्हातारा आहे, निवृत्त, कमी बोलणारा. सकाळी बाहेर जातो, दुपारी घरी येतो. बस्स. दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, “काका, हा माणूस बोलत नाही. याची पावलं बोलली पाहिजेत.” मी मनात म्हटलं, हे तर आपल्या घरचं काम. शहाबादी फरशी काढली, अण्णांसारख्या चपला शोधून आणल्या, डोळे मिटले आणि अण्णांसारखं चाललो.

ती म्हणाली, “छान आहे. पण कुणीच आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा हळू, एकदा पाय घासत, एकदा थकून. आणि मग लक्षात आलं. मला अण्णांची पावलं आठवत नव्हती. चेहरा आठवत होता, घामाचा वास आठवत होता, पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची पावलं चालवली, त्याच्या कानातून बापाचीच पावलं गेली होती. ध्वनिमुद्रण कुठंच नव्हतं. राजांचं होतं, रेड्याचं होतं.

मी चार दिवसांची सुट्टी मागून गावी आलो आणि खुलताबादला गेलो, बशीरचाचांकडं. चाचा आणि अण्णा वीस वर्षं एकाच हद्दीत व्हॉल्व्ह सोडायचे. आता चाचा अंगणात बाजेवर पडून असतात, मोतीबिंदूनं डोळे दुधाळलेले. मी सगळी कथा सांगितली. म्हणाले, “चल के बता.” मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

“ये कोई बाबू आया,” चाचा म्हणाले. “तेरा बाप नै आया.”

“चपला तशाच आहेत, चाचा.”

“चप्पल कू क्या करना? चाबी कां है?”

“कुठली चावी?”

“अरे दीवाने, तेरा बाप कभी खाली खांदे से चला क्या? नौकरी छूटी, चाबी छूटी, फिर भी खांदा झुकाके-च चलता था. सीधा पांव भारी, डावा हलका. मैं बोलता, भाऊ, अब तो उतार. बोलता, आदत हो गई रे.” मग घराकडं तोंड करून सुनेला म्हणाले, “वो पलंग के नीचे का लोहा निकाल.”

चाचांची ती गंजलेली चावी मी खांद्यावर घेतली आणि माझं अंग आपोआप उजवीकडं कललं. एक पाऊल जड पडलं, दुसरं हलकं, जणू ते पहिल्याची माफी मागत होतं. त्या उन्हाच्या अंगणात, डोंगरावरच्या वाऱ्यात, मी एक फेरी मारली. चाचा उठून बसले. बाजेवर बाजूला सरकून त्यांनी एका माणसापुरती जागा केली.

मुंबईत चावी खांद्यावर घेऊन मी त्या फरशीवर चाललो. पडद्यावरच्या नटाच्या खांद्यावर काहीच नव्हतं, नुसता पांढरा सदरा. पण तो दारातून आत आला तेव्हा त्या रिकाम्या खांद्यावर काहीतरी होतं. शेवटी मी दोन पावलं जास्त टाकली, मुद्दाम. दिग्दर्शिकेनं हेडफोन काढला आणि वळून दाराकडं बघितलं.

तुम्ही सगळे मला विचारता, आता घर कुठलं? गावाच्या नावाचं म्हणाल तर ते मध्येच सरकारनं बदललं, त्यामुळं माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे आणि बसच्या पाटीवर दुसरं. मुंबईत मी ‘तिकडचा’ आणि गारखेड्यात ‘मुंबईवाला’. पूर्वी वाटायचं, घर म्हणजे जिथून निघालो ते. आता वाटतं, घर म्हणजे जिथं आपली चाहूल लागली की कुणीतरी चहा ठेवतं. तसं बघितलं तर माझं घर एका बाईच्या कानात आहे, आणि तिथं मी पोस्टमन म्हणून गेलोय, काकू म्हणून गेलोय, पण ज्या रूपात जायचं होतं त्या रूपात कधी आत जाता आलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी आईला दुपारच्या खेळाला नेलं. चावीचं काही सांगितलं नाही. तिनं एसीच्या भीतीनं शाल घेतली, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि बसल्या बसल्या विचारलं, “तू कवा दिसतो?” मी म्हटलं, “मी दिसत नसतो, आई.” “मंग मला कशाला आणलं?” म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिला झोप लागली असं समजून मी हिरमुसलो.

पडद्यावर दुपार झाली. ओली फरशी, रिकामं घर, उघडं दार. मग बाहेरून पावलं आली. एक जड, एक हलकं. आईची मान उचलली गेली. डोळे मिटलेलेच. पावलं उंबऱ्याशी थांबली, आत आली, आणि मग ती दोन जास्तीची पडली.

दोन वर्षं गप्प असलेली माझी आई, भरल्या थेटरात, अंधारात, चार घरं पलीकडं जाईल अशा आवाजात ओरडली, “अहो, चपला काढा आधी! आत्ताच पुसलंय म्या!”