एकट्याने मागच्या सीटवर

खडकवासल्याच्या पाण्यात चेतन उलटलेल्या बोटीला धरून लोंबकळत होता आणि मी, त्याला वाचवायला निघालेली इन्स्ट्रक्टर, जागच्या जागी गोल फिरत होते.

तेव्हा पुण्यात रोज एक सॉफ्टवेअर कंपनी निघायची आणि शनिवारी आमच्याकडे ‘टीम बिल्डिंग’ला यायची. मी कॅनो शिकवायचे. कॅनो म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट. नात विचारते, ‘‘आजी, तू तेव्हा कशी होतीस?’’ बारीक होते आणि मूर्ख होते.

अशाच एका बॅचमधल्या चेतनने उकडतंय म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले. ते मला दिसायला हवं होतं. वारा सुटला, त्याची बोट उलटली, जॅकेट अंगातून निघून गेलं. आमची मोटारबोट दुरुस्तीला. काठावर उरली होती दोघांची कॅनो. पुढे एक सीट, मागे एक. मागचा माणूस दिशा सांभाळतो, म्हणून इन्स्ट्रक्टर कायम मागे. मी धावत जाऊन मागेच बसले. बसणारच. बाईंकडे लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं!

दर बॅचला मीच सांगायचे, एकटे असाल तर मध्ये गुडघे टेकून बसा. मागे बसलात की पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं जातं आणि वारा ते हवं तिकडे वळवतो.

माझंही वळवलं.

‘‘बाई, फुडं सरका! टोक वर गेलंय!’’ आमचे नावाडी तुकारामभाऊ काठावरून ओरडले.

‘‘भाऊ, मला शिकवू नका!’’

‘‘मॅडम, इकडे काय येताय? तो तिकडे आहे!’’ हा चेतनचा मॅनेजर.

‘‘दिसतंय मला, साहेब!’’

आणखी दोन गिरक्या घेतल्या, तेव्हा कुठे रांगत मध्ये सरकले. टोक खाली आलं. बोट सुतासारखी सरळ निघाली. वीसेक वल्ही मारली असतील. उलटी बोट हाताला लागली. चेतन नव्हता.

तो दुपारी सापडला. विश्रांतवाडीहून त्याचे वडील आले. म्हणाले, ‘‘तुम्ही किती लांब होता, बाई?’’ मी समोरची बाभळ दाखवली. ते बराच वेळ त्या बाभळीकडे बघत राहिले.

चौकशीत मी वाऱ्याचं नाव सांगितलं. तुकारामभाऊंना कुणी विचारलंच नाही.

एकटे निघालात तर मध्ये बसा. आणि काठावरून कोणी ओरडत असेल तर आधी सरका, मग भांडा.