पणजीचं माहेर

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मेहकर भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. एका सकाळी टपालात निनावी पत्र आलं. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. जानेफळकडच्या एका गावात एक निवृत्त शिक्षिका दर रविवारी वर्ग घेते, लोकांना आपलं कूळ शोधायला शिकवते आणि त्याआडून जुन्या नोंदी बनवून देते, असा मजकूर होता.

अशी पत्रं ठाण्यात येतच असतात. निम्मी बांधाच्या भांडणातली असतात. पण त्याच आठवड्यात महसूल खात्याची लेखी तक्रार आली. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून घ्यायचा त्या पुस्तकात, एक नोंद मागाहून घुसडलेली सापडली होती. नोंद एका शेतकऱ्याच्या आजोबांच्या जन्माची. त्याच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश जातवैधतेवर अडला होता आणि त्याने याच नोंदीची नकल जोडली होती. चौकशीत कळलं की हा शेतकरी बाईंच्या वर्गाला जाऊन आला आहे. माझ्या डोक्यात प्रकरण तिथंच निकाली निघालं.

तरी खात्री करावी म्हणून साध्या कपड्यांत मी स्वतः वर्गाला जाऊन बसलो. वाचनालयाची खोली, वीस-पंचवीस माणसं, सत्तरीच्या बाई. स्वतःच्या घराण्याच्या नोंदी शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्या सांगत होत्या की जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नका. कोतवाल बारशाआधीच लिहून घ्यायचा, त्यामुळे मुलगा की मुलगी, बापाचं नाव आणि जात, एवढंच सापडेल. थोरलं लेकरू असेल तर बापाच्या गावात वेळ घालवू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा पणजीचं माहेर विचारा आणि त्या गावचं पुस्तक उघडा. लोक भराभरा उतरवून घेत होते. मी मात्र मनात म्हणालो, जिला इतकं ठाऊक आहे तिला खोटी नोंद करणं काय अवघड आहे?

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा कायदा मला पाठ होता. तरी मी त्यांना ठाण्यात बोलावलं आणि दोन तास बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. वाट पाहून माणूस सैल होतो, असा माझा अनुभव. बाजाराचा दिवस होता. येणारे-जाणारे बघत होते, त्यात त्यांचे विद्यार्थीही होते.

आत आल्यावर मी नोंदीची नकल आणि शेतकऱ्याने शपथेवर दिलेली वंशावळ त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि सावकाश वाचलं.

"हे माह्या वर्गात शिकलेल्या माणसाचं काम नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"जन्माच्या दिवशीच लेकराचं नाव लिवलं आहे. अन् वंशावळीत हा थोरला दाखवला. मंग तो बापाच्या गावात काऊन जन्मला?"

मी म्हणालो, संशय येऊ नये म्हणून तुम्हीच मुद्दाम चूक केली असेल. त्यांनी भिंग पुसलं, पिशवीत ठेवलं. "साहेब, तुमचा संशय कोन्या पुस्तकात पाहावा, ते मले येत नाही."

मला फार लागलं ते, पण संशय काही गेला नाही. बाईंची हजेरीवही मागवली. शेतकरी फक्त पहिल्या रविवारी आला होता. त्याला बोलावून बाईंचे दोन्ही मुद्दे समोर ठेवले, तसं त्याने कबूल केलं.

"बाईनं पणजीचं माहेर पुसलं होतं," तो म्हणाला. "मले माहीत नव्हतं. पोरीचे दिवस निघून जाऊन राह्यले होते. अर्जवाला म्हणे, कायले गावोगाव फिरता, मी करून देतो."

अर्जवाला म्हणजे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा. मी त्याच्या घराची झडती घेतली. कोतवाल बुकातल्या कोऱ्या ओळीत नोंद घुसडायला वापरलेली शाई आणि टाक मिळाला. निनावी पत्र ज्या कागदावर लिहिलं होतं तसलेच कागदही तिथंच होते. बाई फुकट शिकवायला लागल्या तशी त्याच्या टेबलापुढची रांग आटली होती, म्हणून ते पत्र. पुस्तक त्याच्या हाती देणारा कचेरीतला शिपाईही पुढे आरोपी झाला.

बाईंनी मात्र प्रकरण सोडलं नाही. त्या मुलीला घेऊन तिच्या बापाच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेल्या. आत्याने पणजीचं माहेर एका दमात सांगितलं, उंद्रीकडचं एक गाव. घरात तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्या गावच्या पुस्तकात खरी नोंद जशीच्या तशी होती, मुलगा झाल्याची, बापाच्या नावाची, जातीची. मुलीचं ते वर्ष गेलं, पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. बापावर मात्र गुन्हा दाखल झाला. खरं कागदावर पडून होतं आणि हा माणूस खोट्यासाठी आरोपी झाला, याची हळहळ मला आजही वाटते.

अर्जवाल्याला धरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी वर्दीत वर्गात गेलो होतो. ज्यांनी बाईंना बाकड्यावर पाहिलं होतं त्यांच्यासमोर सांगितलं की बाईंचा यात काही दोष नाही, चूक माझी होती. बाईंनी मान हलवली. मग वही उघडून विचारलं, "आले आहा तर सांगा साहेब. तुमच्या पणजीचं राहू द्या. आजीचं माहेर कोणतं?"

नाव, बापाचं नाव, वय, राहणार, धंदा. नोकरीभर हजारो जबाबांत मी हेच विचारत आलो होतो. आजीनं मला वाढवलं, तिच्या हातचं मी जेवलो, पण ती कुठून आली होती हे तिला कधी विचारलं नव्हतं. सांगू शकतील अशी माझ्या घरातली माणसं तोवर संपली होती. वर्ग माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी टोपी काढली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.