एल्रॉयकडे अडकलेली भांडी

आमच्या गावात कोणी गेलं की त्या घरी सगळीकडून जेवण पोचतं आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव असतं. वर्ना हॉगन गेली तेव्हा तिच्या नवऱ्याकडे, एल्रॉयकडे, अख्ख्या गावाची काचेची भांडी जमली. माझं निळं भांडंही त्यात होतं. दोन वर्षं झाली, एकही परत आलं नाही.

एल्रॉय माझा शेजारी. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. हल्ली चर्च सुटलं की कॉफीला न थांबता तो मागच्या दारानं सटकायचा, किराणाही पलीकडच्या गावातून आणायचा. दुःखानं माणूस खचला, असं समजून मी उगाच हळहळत बसले.

मग त्याची मुलगी जनेल स्वयंपाकघर आवरायला आली. तिनं मलाही मदतीला बोलावलं. टवके उडालेले मग, झाकणं हरवलेले डबे, गंजलेल्या किसण्या, सगळं खोक्यांत गेलं. कोपऱ्यातल्या कपाटाला मात्र एल्रॉय पाठ लावून उभा राहिला. सत्तरीचा धिप्पाड माणूस, पण चोरी पकडली गेल्यासारखा लालबुंद झाला होता. जनेलनं त्याला बाजूला सारून दार उघडलं. आत आमची भांडी, घासूनपुसून लख्ख, नावाच्या पट्ट्यांसकट.

"बाबा, मी आत्ता घरोघरी देऊन येते," ती म्हणाली.

"रिकामी? तुझ्या आईनं कधी कोणाचं भांडं रिकामं धाडलं होतं का?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. परत करायचं भांडं भरून द्यायचं, ही आमची रीत. ह्याला रांधता येत नव्हतं. आज देऊ, उद्या देऊ करताना लाज इतकी वाढली की माणसांना तोंड दाखवणंच जमेना. मला हसू आलं आणि रागही आला. काचेच्या भांड्यांपायी आम्ही ह्याला वाळीत टाकणार होतो की काय?

"पॅनकेक येतात ना तुला?" मी विचारलं. अग्निशमन केंद्राला निधी जमवायला गावाची न्याहारी असते, तिथे दरवर्षी तवा तोच सांभाळायचा.

"गार झाले की चामडं होतं त्यांचं."

"मग माणसांनाच इकडे बोलाव."

शनिवारी सकाळचं आमंत्रण गेलं. कोणी फिरकणार नाही, असं तो पीठ घोटताना मला सारखं बजावत होता.

सर्वांत आधी वर्नाची मैत्रीण आर्डिस आली. एरवी तिच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी ती दारातच घुटमळली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"एल्रॉय, हे वर्नाचं भांडं. ती होती तेव्हापासून माझ्याकडे राहिलंय. नंतर आणून द्यायचा धीरच होईना. तू कॉफीला थांबत नव्हतास, तर मला सुटल्यासारखं वाटायचं."

आत रूबार्बच्या आंबट देठांचा ताजा केक होता. बुडाच्या पट्टीवर वर्नाचं तिरकं अक्षर. एल्रॉय त्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिला.

तिच्यामागून आलेल्या कितीतरी जणींच्या हातात तशीच वर्नाची भांडी होती. सगळ्या एकमेकींकडे बघत हसत सुटल्या आणि एल्रॉयही हसला, डोळे पुसत. तव्यावरचा पॅनकेक करपला, तो त्यानं खुशाल मला वाढला.

दुपारपर्यंत आमची भांडी आमच्या घरी गेली आणि कोपऱ्यातलं कपाट वर्नाच्या भांड्यांनी पुन्हा भरलं. जनेल कपाळाला हात लावून बसली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर एल्रॉय कॉफीला थांबला. वर्नाच्या भांड्यात पॅनकेक घेऊन आला होता. गार होऊन त्यांचं खरोखरच चामडं झालं होतं. आम्ही एकही उरू दिला नाही.