साऊथ पोल आणि वैशूच्या बाबांचा शर्ट

ज्वालामुखीचा धूर एकदा ढगांच्या वर गेला की वर्ष-दोन वर्षं खाली येत नाही म्हणे. तिथे पाऊसच नाही, धुणार कोण? आमच्या ग्रुपचे किस्से असेच. वैशूने हा विषय रिसर्चला घेतल्यापासून तर नुसते साचतायत.

*

वैशू कात्रपची. दक्षिण ध्रुवावर वर्षभर राहून तो धूर मोजायचा चान्स तिला मिळाला. तिने लगेच जाड स्वेटर घेतला.

बाबा अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून रिटायर. म्हणाले, "आमच्या कंपनीच्या धुराचा वास तरी यायचा. हिचा दिसत पण नाही. त्यासाठी घर सोडायचं?"

वैशू मला म्हणाली, "बाबा हो बोलले नाहीत तर मी नाही जाणार."

मी म्हटलं, "मग स्वेटर मला."

तिने खरंच दिला! मला वाटलं होतं, शिव्या देईल.

*

मग बाप-लेकीचं बोलणं बंद. ती समोर बसलेली असताना बाबा मला म्हणायचे, "तिला सांग, चहा झालाय." मी इमानदारीत सांगायचो.

एकदा ती म्हणाली, "त्यांना सांग, साखर कमी आहे." मी निरोप बदलला. "काका, ती विचारतेय, बीपी कसा आहे?"

समोरच बसलेत दोघं! तरी काका मलाच म्हणाले, "बरा आहे म्हणावं."

*

हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाऱ्याचा भोवरा फिरतो. बाहेरचा धूर सहज आत शिरत नाही. बाबांना हे दाखवायला आमचा प्रशांत उल्हासनगर कॅम्प दोनला जुनी वॉशिंग मशीन बघायला गेला.

"साईं, कितने किलो कपडे?" सिंधी दुकानदाराने विचारलं.

"कपडे नहीं, साऊथ पोल घुमाना है."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "फिर वॉरंटी नहीं मिलेगी."

*

शेवटी वैशूच्या घरचीच मशीन. पाणी गरगर फिरतंय, कडेला नीळ सोडली. निळं कडेकडेने, मधे स्वच्छ.

"त्यांना सांग," वैशू म्हणाली, "तिकडे वसंत आला की भोवरा मोडतो, आणि मग..."

लाईट गेली. पाणी मंदावलं. निळं हळूहळू सगळीकडे पसरलं.

बाबा वाकून बघत होते. "म्हणजे शेवटी आत जातोच," म्हणाले. कुणाला, माहीत नाही.

मशीन धुवायची मात्र राहिली. सकाळी काकूंनी त्यात बाबांचा ठेवणीतला पांढरा शर्ट टाकला.

*

त्या संध्याकाळी कुळगावच्या टपरीवर मी स्वेटर घालून चहा पीत होतो. बाबा आले. अंगात तोच शर्ट, निळे ढग उठलेले.

चहावाला म्हणाला, "काय काका, होळी?"

"नाही. साऊथ पोल," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"स्वेटर काढ. वैशूला लागेल."