टेकडीवरच्या घरातली खोली
बडीशेप घातलेल्या बिस्किटांचा वास आला, की मला वेलिंग्टनमधलं टेकडीवरचं ते घर आठवतं. शुक्रवारी हॉस्टेल सोडायचं होतं आणि मला कुठेच खोली मिळत नव्हती. म्हणून तिथली खोली बघायला गेले. घरमालक माल्टाचे, म्हातारे, घरात एकटेच. "बायको चर्चमधून येईलच," म्हणत त्यांनी बिस्किटं पुढे केली आणि आपल्या गावाचे फोटो काढून दाखवले. पिवळ्या दगडाची वेस, बंदिस्त लाकडी सज्जे, चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं. "यातलं एक मुद्दाम चुकीचं ठेवलंय. सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून." मला वाटलं, हा माणूस काहीबाही सांगून मला थांबवून ठेवतोय. बायकोचा पत्ताच नव्हता. बिस्किटाला हात न लावता मी उठले आणि माझ्या फोन नंबरचा शेवटचा आकडा बदलून लिहून दिला. फाटकाशी छत्री मिटत एक आजी भेटल्या. "खोली बघायला आलेली तूच ना? लगेच निघालीस? चहा तरी घे." "बस चुकेल," एवढंच मी म्हणाले. परत आत जाऊन आकडा दुरुस्त करायचं धैर्य झालं नाही. शुक्रवारी बॅगा घेऊन मैत्रिणीच्या सोफ्यावर गेले. त्यांनी फोन लावला असेल, आणि पोरीची लिहिताना चूक झाली असं समजले असतील. त्यांच्या जागी मी असते, तर तसं समजले नसते.